जड लाकूड म्हणजे चांगलं लाकूड?

रंधेवाला

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. लाकडाची पारख वजनावर करावी. फळी उचलताना मनगट खाली गेलं पाहिजे. हलकं लाकूड खोक्यांना आणि काड्यापेट्यांना ठीक.

धाग्याचं निमित्त असं, की लॉन बोल्स खेळाचा एक जुना लाकडी गोळा मिळालाय. काळपट तपकिरी, मधूनच हिरवट झाक, आणि पॉलिश नसतानाही हाताला मेणचट लागतो. पाण्यात सोडला तर थेट तळाला. शोधाशोध केल्यावर हे लिग्नम व्हायटी असावं असं दिसतंय, म्हणजे कॅरिबियन बेटं आणि मध्य अमेरिकेकडच्या गायकम झाडाचं लाकूड. जगातल्या सर्वांत जड लाकडांत त्याचं नाव घेतात. पटाशीवर मारायला याची मोगरी करायचा बेत आहे.

जाणकारांनी सांगावं: हे खरंच लिग्नम आहे का ते ओळखायचं कसं, कापायचं आणि चिकटवायचं कसं (याला गोंद धरत नाही म्हणतात), आणि असली लाकडं जगात असताना लोक सागाचे एवढे गोडवे का गातात?

खारूताई

सागाला बोललात? आता धागा शंभरी गाठतोय. पहिल्या रांगेत बसकण मारली आहे.

घनफळ

ओळखण्याची पहिली पायरी तरी घरच्या घरी होते. गोळा कोरडा असताना वजन करून ठेवा. मग काट्यावर पाण्याची बादली ठेवून काटा शून्यावर आणा. गोळ्याला दोरा बांधून तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा हातात धरा. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर गोळ्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. लिग्नम असेल तर उत्तर 1.2 च्या आसपास यायला हवं.

आता मूळ मुद्दा. लाकूड तरंगतं ते त्यातल्या हवेमुळे. पेशीभित्तिकांचा जो ऐवज आहे त्याची घनता जवळपास सगळ्या झाडांत सारखीच, 1.5 च्या आसपास. बाल्सा घ्या, साग घ्या, लिग्नम घ्या, भिंतीचा माल तोच. फरक पडतो भिंत किती जाड आणि मधली पोकळी किती मोठी यात. साग साधारण 0.65, म्हणजे त्यात निम्म्याहून जास्त पोकळी. लिग्नममध्ये पोकळी फारच थोडी, आणि जी आहे तिच्यात राळ भरलेली. तेव्हा वजन करून तुम्हाला पोकळी किती आहे ते कळतं, लाकडाचे बाकीचे गुण कळत नाहीत.

जाता जाता: वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बाल्साही 'हार्डवुड'च. नखाने खड्डा पडतो त्याला, पण झाड रुंद पानांचं, त्यामुळे तो कठीण लाकडांच्या पंगतीत.

रंधेवाला

घनफळ, बादलीची युक्ती झकास. आजच करतो. पण पोकळी कमी म्हणजे माल जास्त, आणि माल जास्त म्हणजे टिकाऊपणा जास्त, हे तर सरळ गणित झालं की.

सुतारपक्षी

सरळ दिसतंय, पण गणित चुकलंय. उभा जन्म लाकडात गेला म्हणून बोलतो.

टिकणं म्हणजे काय? वाळवी, बुरशी, ऊन, पाऊस. यांतलं कुणीही वजन बघून येत नाही. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यातल्या रसायनांमुळे आणि तेलकटपणामुळे. त्याच सागाचं बाहेरचं पांढरं लाकूड घ्या, वजनात फार फरक नसतो, पण त्याला कीड लागते. एकाच फळीच्या दोन कडा, एक टिकते, एक पोखरली जाते. वजनाचं गणित बरोबर असतं तर असं झालं असतं का?

दुसरं, हलणं. दमट हवेत फुगणं आणि कोरड्या हवेत आकसणं यात जड लाकडं बहुतेक वेळा जास्त त्रास देतात, कारण फुगतो तो भिंतीचा माल आणि तोच त्यांच्यात जास्त. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत साग आडव्या रेषेत पाच टक्क्यांच्या जरा वर आकसतो, लिग्नम नऊच्या वर. दाराला आणि खिडकीला साग का, याचं उत्तर यात आहे. पावसाळ्यात दार अडकू नये एवढीच माणसाची अपेक्षा असते.

तिसरं, वाळवणं. पोकळी नसली की आतलं पाणी बाहेर यायला वाट नसते. बाहेरची कातडी वाळून आकसते, आतला भाग ओलाच राहतो, आणि टोकांना तडे जातात. म्हणून अशा ओंडक्यांच्या टोकांना मेण फासून ठेवतात आणि घाई करत नाहीत.

सागातही खोड आहेच. त्यात वाळूचा अंश असतो, धारेचा चुराडा करतो. पण ते आमचं दुखणं, गिऱ्हाइकाला त्याचं काय.

कडवट_कॉफी

सुतारपक्षी, प्रतिसाद जपून ठेवला आहे. 'एकाच फळीच्या दोन कडा' हा मुद्दा कधीच डोक्यात आला नव्हता.

ध्रुवप्रदेश

रंधेवाल्यांच्या बाजूने एक पुरावा देतो. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं एंड्युरन्स जहाज. बर्फाच्या घर्षणाने झिजू नये म्हणून बाहेरच्या अंगाला ग्रीनहार्टचं आवरण होतं. गयानातलं लाकूड, इतकं घन की पाण्यात बुडतं किंवा जेमतेम तरंगतं. त्याआधी ध्रुवसंशोधक नान्सेनच्या फ्राम जहाजालाही तेच. एंड्युरन्स 1915 साली वेडेल समुद्रात बुडालं, 2022 च्या मार्चमध्ये 3008 मीटर खोलीवर सापडलं. सुकाणूचं चाक जागेवर, मागच्या बाजूला नाव स्पष्ट वाचता येतं. शंभर वर्षांहून जास्त काळ समुद्राच्या तळाशी. आता बोला.

सुतारपक्षी

बोलतो. त्या जहाजातलं फक्त ग्रीनहार्ट टिकलंय का?

घनफळ

अगदी हेच विचारणार होतो. एंड्युरन्समध्ये ओक होता, नॉर्वेचा फरही होता, आणि फर काही जड लाकूड नव्हे. सगळंच टिकलं. कारण अंटार्क्टिकाभोवतीच्या त्या थंड पाण्यात लाकूड पोखरणारा शिपवर्म नाही. (नावात 'वर्म' असलं तरी हा किडा नाही, शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे.) त्या खंडावर झाडं नाहीत, त्यामुळे वाहून आलेल्या लाकडावर जगणाऱ्यांची तिथे सोय नाही. हेच जहाज उबदार समुद्रात बुडालं असतं तर फर आणि ओक केव्हाच फस्त झाले असते. ग्रीनहार्ट बराच काळ तग धरून राहिलं असतं हे खरं, पण तेही मुख्यतः त्यातल्या कडू अल्कलॉइडांच्या जोरावर.

ध्रुवप्रदेश

पुरावा उलटला म्हणायचा. तरी बर्फाचं घासणं सोसायला वजनदार लाकूडच घेतलं, तेवढं तरी रंधेवाल्यांच्या खात्यावर जमा करा.

सुतारपक्षी

ते जमा. झीज आणि मार सोसायला घनता लागते, वाद नाही. ग्रीनहार्टचे ओंडके कापताना आतल्या ताणाने फाटून उडतात, म्हणून करवतीच्या मागे साखळी आवळून ठेवायची पद्धत होती. त्या लाकडाशी उगाच दोस्ती करू नये.

तेलपाणी

उशिरा आलो. जहाजावरच्या इंजिनरूममध्ये हयात घालवली, तेव्हा लिग्नमवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

या लाकडाची खरी कमाई मोगरीत नाही, बेअरिंगमध्ये आहे. जहाजाचा पंखा फिरवणारा दांडा जिथे जहाजातून बाहेर समुद्रात जातो तिथे एक नळी असते, स्टर्न ट्यूब. दांड्याचं आणि पंख्याचं वजन तिथल्या बेअरिंगवर येतं. वाफेच्या जहाजांच्या सुरुवातीच्या काळात तिथे पितळ वापरायचे आणि ते बघता बघता झिजायचं. पाणी आत शिरायचं, दांडा थडथडायचा. जॉन पेन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने पितळी नळीच्या आत खाचा पाडून त्यांत लिग्नमच्या पट्ट्या बसवल्या आणि दोन पट्ट्यांमधल्या फटींतून समुद्राचं पाणी खेळतं ठेवलं. पेटंट 1854 सालचं. वंगण म्हणून बाहेरून तेलाचा थेंब नाही. पाणी आणि लाकडातली राळ, बस्स. या लाकडात वजनाचा सुमारे चौथा हिस्सा राळच असते. घासलं की ती पृष्ठभागावर येते.

पुढची शंभर वर्षं जगातली बहुतेक मोठी जहाजं या लाकडावर फिरली. दुसऱ्या महायुद्धातल्या पॅम्पॅनिटो या अमेरिकन पाणबुडीतही लिग्नमची बेअरिंगं होती, ती पाणबुडी आता सॅन फ्रान्सिस्कोला संग्रहालय म्हणून उभी आहे. अमेरिकेतल्या सस्कुहाना नदीवरच्या कोनोविंगो जलविद्युत केंद्राच्या टर्बाइनमध्येही हेच लाकूड बसवलं होतं. ते केंद्र 1928 चं.

आता रंधेवाल्यांचा मुद्दा. आफ्रिकन ब्लॅकवुडही लिग्नमइतकंच जड आहे, पण जहाजाच्या बेअरिंगांत नाव झालं ते लिग्नमचं. ब्लॅकवुडला वजन होतं, लिग्नमइतकी राळ नव्हती.

खारूताई

लाकडाचं बेअरिंग, तेही पाण्यात, तेही शंभर वर्षं. आमच्या मिक्सरचं लोखंडी वर्षभरात खडखडायला लागतं.

पण पाण्यात राहून ते फुगत नाही का? वर सुतारपक्षी म्हणाले की जड लाकडं जास्त फुगतात.

तेलपाणी

खारूताई, नेमकं बोट ठेवलंत. फुगतं. म्हणून सुट्या पट्ट्या कोरड्या ठेवत नसत, पाण्यात बुडवून ठेवत. कोरड्या राहिल्या की तडकतात, आणि कोरड्याच बसवल्या तर नंतर फुगून दांडा आवळतात. फुगण्याचा हिशेब धरून सुरुवातीलाच मोकळीक ठेवायची. ड्राय डॉकला गेलं की पहिल्या कामांतलं एक म्हणजे मागच्या टोकाला पोकर गेज घालून दांडा किती खाली बसलाय ते मोजणं. ते मोजमाप ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की लाकूड बदला.

नंतर तेलात फिरणारी व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंगं आली आणि लिग्नम मागे पडलं. गंमत अशी की ते तेल सीलमधून थोडं थोडं समुद्रात झिरपतं. अमेरिकेने 2013 च्या परवाना नियमांत अशा जागी निसर्गाला कमी घातक वंगणं सक्तीची केली, आणि पाण्यावर चालणारी बेअरिंगं पुन्हा चर्चेत आली. बहुतेक रबराची किंवा प्लास्टिकच्या मिश्रणाची असतात. तत्त्व जुनंच.

टिकटिक

पेनच्या शंभरेक वर्षं आधी जॉन हॅरिसनने हेच ओळखलं होतं. समुद्रावर रेखांश काढण्याचं घड्याळ करणारा तोच. मुळात सुतार. ब्रॉकल्सबी पार्कमधलं त्याचं मनोऱ्याचं घड्याळ 1722 च्या सुमाराचं, चाकं ओकची आणि जिथे घर्षण तिथे लिग्नम. त्या काळातलं तेल थंडीत घट्ट व्हायचं, जुनं झालं की चिकट व्हायचं आणि घड्याळ मागे पडायचं. हॅरिसनने तेल सुधारत बसण्याऐवजी त्याची गरजच काढून टाकली. ते घड्याळ अजून चालतं.

निळी_शाई

तुम्ही सगळे बेअरिंग बेअरिंग करताय, आम्हा लॅबवाल्यांना हे झाड वेगळ्याच कारणाने माहीत. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायची जुनी चाचणी याच्या राळेवर चालते. कार्डावरच्या कागदात ग्वायक, म्हणजे गायकमची, राळ असते. नमुना लावायचा, वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. रक्तातलं हीम असेल तर काही सेकंदांत निळा रंग चढतो. म्हणूनच चाचणीआधी मटण खाऊ नका, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका असं सांगायचो: मटणाने उगीच निळं होतं, गोळ्यांनी निळं व्हायचं ते होत नाही. आता अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्यांनी याची जागा बरीचशी घेतलीय.

त्याहून जुना उपयोग म्हणजे उपदंश. सोळाव्या शतकात युरोपात या लाकडाचा काढा म्हणजे रामबाण समजत. उलरिक फॉन हुटेन या जर्मन विद्वानाने 1519 मध्ये स्वतःच्या अनुभवावर याची भलामण करणारं पुस्तक लिहिलं. 1523 मध्ये त्याच रोगाने गेला.

काडेपेटी

होमिओपॅथीतही ग्वायकम आहे. तिथे मात्र ते इतकं पातळ करतात की पाण्यात बुडायची शक्यताच उरत नाही.

कडवट_कॉफी

काडेपेटी, नाव सार्थ केलंत. आता पाचशे प्रतिसाद नक्की.

संपादक

होमिओपॅथीसाठी धागे आहेत, पुरेसे आहेत. इथे लाकूड.

पंचाचं_बोट

लाकूड म्हणताय तर क्रिकेटकडे वळतो. वाऱ्याच्या दिवशी बेल्स उडून पडतात. बेल्सची मापं नियमात बांधलेली, त्यामुळे लांबी-जाडी वाढवता येत नाही. मग जड करायच्या तर माल बदलायचा. पंचांच्या खिशात 'हेवी बेल्स' असत त्या लिग्नमच्या. त्याही टिकल्या नाहीत तर बेल्सशिवाय खेळायची मुभा नियमात आहे. 2019 च्या ॲशेसमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला पंचांनी वाऱ्यापुढे हात टेकून बेल्स काढून ठेवल्याच होत्या.

इथे राळ नाही, रसायन नाही, निव्वळ वजन. घ्या रंधेवाले, एक गुण.

रंधेवाला

शेवटी कुणीतरी भेटलं!

कळक

तो गुण लगेच काढून घेतो. कुऱ्हाडीला लिग्नमचा दांडा लावून बघा. वजन सगळं हातात, आणि प्रत्येक घावाचा झटका थेट कोपरापर्यंत. दांड्याला लवचीक आणि चिवट लाकूड लागतं, हिकरी, ॲश, बाभूळ. बाभूळही काही हलकी नाही, पण पाण्यात बुडत नाही, घाव सोसते. गिटारचा वरचा पत्राही हलक्या स्प्रूसचाच असतो. कामाप्रमाणे लाकूड.

सूरपेटी

पण क्लॅरिनेट आणि ओबो आफ्रिकन ब्लॅकवुडचेच. घनता 1.2 च्या वर. तिथे लाकडाने स्वतः कंप पावायचं नसतं, आतल्या हवेला कडक, गुळगुळीत भिंत द्यायची असते. धातूच्या किल्ल्यांसाठी पाडलेली बारीक भोकं आणि आटे ढासळत नाहीत हाही मोठा फायदा. वैताग एकच: नवं वाद्य एकदम तासन्‌तास वाजवलं तर श्वासाच्या ओलाव्याने आतली बाजू फुगते, बाहेरची नाही, आणि चीर जाते. सुतारपक्षींनी ओंडक्यांचं जे सांगितलं तेच, फक्त उलट्या दिशेने.

पानगळ

सगळे गुणगान करताहेत म्हणून जरा कडू बोलते. ही झाडं अतिशय सावकाश वाढतात. जमैकाचं राष्ट्रीय फूल आहे ते गायकमचं, आणि त्याच झाडाची पार वाट लागलेली. गायकमच्या सगळ्याच जाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परदेशी व्यापार परवान्यानेच. शिसवाच्या सगळ्या भाऊबंदांवर 2017 पासून तीच अट, आणि त्यात सूरपेटींचं ब्लॅकवुडही आलं (तयार वाद्यांना पुढे सूट मिळाली). इपे हे दक्षिण अमेरिकेकडचं जड लाकूड, ज्याने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा बोर्डवॉक (किनाऱ्यावरची फळ्यांची वाट) वर्षानुवर्षं झाकला होता, ते नोव्हेंबर 2024 पासून यादीत. 'जड तेच चांगलं' या हौसेपायी पावसात भिजणाऱ्या फळ्यांसाठी शंभर वर्षांचं झाड पाडायचं का, हा प्रश्न मला तरी पडतो. जुना गोळा वापरताय हे मात्र उत्तम.

सुतारपक्षी

पानगळ, सहमत. इपेची अजून एक खूण सांगतो: कापलं की पिवळी भुकटी उडते, त्यात लॅपॅकॉल नावाचं रसायन असतं. साबणाच्या पाण्याने हात धुतले की लाल होतात. नवीन पोरं रक्त आलं म्हणून घाबरतात. मास्क लावल्याशिवाय कापू नये.

रंधेवाला

बादलीचा प्रयोग झाला. 1.24 आलं. मग लिग्नमच ना?

आणि माझं मत थोडं सुधारून मांडतो: मार सोसायचा असेल, झीज सोसायची असेल, तर वजन. दाराखिडक्यांना साग ठेवा तुमचा. यांका चाचणीत लिग्नम सागाच्या चौपट कठीण ठरतं, तेवढं तरी मान्य करा.

घनफळ

मान्य. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, ते यांका. दाबाला लाकूड किती दाद देत नाही याचं ते माप. मोगरीला तेच हवं, तेव्हा तुमची निवड बरोबर आहे. तुमचं कारण मात्र सगळीकडे लागू पडत नव्हतं.

1.24 म्हणजे लिग्नमची दाट शक्यता, पण चुलतभाऊ आहेत: दक्षिण अमेरिकेतलं व्हेरावुड आणि अर्जेंटिनाकडचं पालो सांतो, तेही हिरवट, तेही राळेचे, तेही सुवासिक. लॉन बोल्सचे जुने लाकडी गोळे लिग्नमचे करत, म्हणून पारडं तिकडे झुकतं. कापल्यावर सपाट बाजूला पिसासारखी नक्षी ठळक दिसली तर व्हेरावुडचा संशय घ्या.

सुतारपक्षी

आता कापण्याचं. याच्या रेषा थराथराला दिशा बदलतात, एक थर उजवीकडे तिरका, पुढचा डावीकडे. त्यामुळे हे फाटत नाही, आणि त्याचमुळे रंधा मारलात तर एक पट्टा गुळगुळीत होईल आणि शेजारचा उचकटेल. हातरंध्याच्या नादी लागू नका. लेथवर धरा, हत्यार पोलादाचं, धार ताजी, काप बारीक. करवतीचं पातं राळेने भरतं, मधून मधून स्पिरिटने पुसा. थांबून थांबून कापा, तापलं की बारीक चिरा पडतात.

चिकटवण्याच्या भानगडीत शक्यतो पडूच नका. दांड्यासाठी आरपार भोक पाडा, वरच्या बाजूला किंचित रुंद, आणि दांडा खालून घालून वरून पाचर ठोका. गिरमिटाने एकदम मोठं भोक नको, आधी बारीक, मग वाढवत न्या. चिकटवायचंच असेल तर जोडाची जागा ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी. लगेच म्हणजे लगेच, राळ पुन्हा वर येते. दांडा लिग्नमचा नको, कळक यांनी कारण दिलंच आहे.

रंधेवाला

पाचर ठरली. दांडा बाभळीचा. कापलेला भाग आत्ता फिकट तपकिरी दिसतोय, हिरवा नाही. चुलतभाऊ निघाला की काय?

तेलपाणी

नाही, उन्हात ठेवा. ताजा काप तपकिरीच असतो, उजेडात हळूहळू हिरवा होतो. आणि भुसा फेकू नका, बाटलीत भरून ठेवा. वास वर्षानुवर्षं जात नाही.

खारूताई

आधी निळ्या_शाईला थोडा पाठवा, मग बाटली भरा.